भुसावळ–चाळीसगाव, दुसरा भाग

पर्सी हॅलोवे गार्ड पर्थला निघून गेला
तेव्हा क्वार्टरमध्ये मागे राहिलं
कोंबड्यांचं खुराडं, एक ग्रामोफोन
आणि तीन तबकड्या. तिन्हींवर एकच सिंफनी.

अण्णा आधी हसले होते:
एकच पोथी तीनदा विकत घेणारा माणूस!
मग मे महिन्यात, रात्रपाळी नव्हती त्या दिवशी,
दाराला ओलं पोतं बांधून
तिन्ही ओळीने ऐकल्या
आणि सकाळी म्हणाले,
"रूळ तेच हायेत पोरी. डायवर तीन."

अण्णा सेक्शन कंट्रोलर.
चौतीस वर्षं गाड्या चालवल्या कागदावर,
न बघता.
आडवी वेळ, उभी स्टेशनं,
आणि गाडी म्हणजे पेन्सिलीची तिरकी रेघ.

तसाच चार्ट काढला त्यांनी सिंफनीच्या दुसऱ्या भागाचा.
व्हायोला सुटतात ते भुसावळ.
ओबो भेटतो ते भादली.
सगळे मिळून पहिल्यांदा वाजवतात ते जळगाव,
तिथे गर्दी असायचीच.
शिरसोली, म्हसावद, माहेजी बासरीच्या ताब्यात.
परधाड्याला कुणी नाही, नुसते चेलो,
रात्री दोन वाजता परधाड्याला असतं तसं.
पाचोऱ्याला सूर फाटा घेतो,
जामनेरची छोटी गाडी निघते तिथूनच.

लाल पेन्सिल, मेल:
बारा मिनिटं चाळीस सेकंदांत चाळीसगाव.
"पोचला. पन पाह्यलं काय यानं?"
निळी, पॅसेंजर: साडेपंधरा मिनिटं,
दर स्टेशनाला उतरून पाणी पिणार,
गाळणला इतका रेंगाळायचा
की अण्णा खुर्चीतून अर्धे उठायचे, सिग्नल द्यायला.
काळी, मालगाडी:
जुनी, खरखरीत, भरल्या सभागृहात घेतलेली.
जळगावपर्यंत मिनिटभर लेट,
नगरदेवळ्यानंतर कशी कोण जाणे, भरून काढलेली.
तिच्यात म्हसावदला एक माणूस खोकतो.
सहा मिनिटं अठरा सेकंद.
अण्णांनी ठिपका दिला, शेजारी लिहिलं: खोकला, १.

तीच त्यांची लाडकी.
का, विचारलं तर म्हणाले,
बाकीच्या दोघींत वाजवणारे ऐकू येतात.
हिच्यात ऐकणाराही.

आता अण्णांना ऐकू येत नाही.
मशीन लावलं की नुसती वाफ सुटते म्हणतात कानात.
संध्याकाळी केळीचे वेफर्स आणि तो चार्ट घेऊन बसतात,
बोट रेघेवरून चालवतात,
पाचोऱ्याला भुवई वर जाते.
मी आता विचारत नाही, कुठपर्यंत आलं.

परवा मोबाइलवर चौथी सापडली.
नवी. ऑर्केस्ट्रा एक तरुण बाई चालवते.
इतकी स्वच्छ, की खुर्ची करकरत नाही,
पान उलटल्याचं कळत नाही,
धुऊन पुसून रिकामा ठेवलेला प्लॅटफॉर्म.
घड्याळ हातात धरून मी हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली.
तीन संध्याकाळी गेल्या. माहेजी दोनदा चुकलं.
तेरा मिनिटं पन्नास.
आणि मग, वहीत कोणी बघत नसताना लिहावं तसं,
म्हसावदला एक ठिपका दिला.

अण्णांनी बोट ठेवलं भुसावळवर.
भादली. मान हलली.
"बाई शांत डोक्याची हाये."
जळगाव राइट टाइम.
शिरसोली.
म्हसावदला बोट थांबलं.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
खोट्या नोंदीसाठी ह्या माणसाने
सख्ख्या साडूला चार्जशीट मिळवून दिली होती,
बारा वर्षं बोलणं नव्हतं दोन घरांत.
मी खिडकीबाहेर पाहत राहिले,
दीपनगरची चिमणी, तिचा धूर, सरळ वर जाणारा.

"टाइम लिव्हायचा राह्यला,"
अण्णा म्हणाले,
आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.